मुलांना बर्फ द्या, पण घरचा

शाळांना सुट्टी लागली की माझ्या निजामपुऱ्यातील दवाखान्यात दोन तऱ्हेची मुले येऊ लागतात. काही भर दुपारी गल्लीत क्रिकेट खेळून तापलेली, तर काही गाडीवरचा बर्फाचा गोळा खाऊन जुलाब-उलट्या लागलेली. दोघांच्याही आया एकच विचारतात, "डॉक्टर, मुलांना घरात डांबून तरी किती ठेवायचं?" प्रश्न रास्त आहे. लहानशी खोली, वर तापलेला पत्रा, शेजारी यंत्रमागाची खडखड. मूल बाहेर पळणारच. दुपारी बारा ते चार त्याला सावलीत रमवण्याचा एक स्वस्त उपाय म्हणजे घरी गोठवलेला बर्फ.

"बर्फाने सर्दी होईल" ही भीती प्रथम काढून टाका. सर्दी विषाणूंमुळे होते, बर्फाला हात लावल्याने नव्हे. उलट आपल्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात उन्हात झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला, हे आपण विसरू नये. अशा हवेत थंड पाण्यात हात-पाय बुडवून बसणे उपयोगी पडते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो. त्यामुळे पाच लिटर पाण्यात अर्धा किलो बर्फ टाकला तर पाणी सुमारे १० अंशांनी थंड होते.

आता खेळ. पहिला खेळ खजिन्याचा. स्टीलच्या डब्यात पाणी घेऊन त्यात पाने, फुले, प्लॅस्टिकचा एखादा मोठा प्राणी टाका आणि रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून डबा काठोकाठ भरू नका. काचेचे भांडे तर नकोच, ते तडकते. दुपारी तो गोळा परातीत काढून द्या. चमच्याने कोमट पाणी घालून, चिमूटभर मीठ टाकून प्राण्याला सोडवण्यात मुलांचा वेळ छान जातो.

दुसरा खेळ रंगांचा. बीटाचे किंवा हळदीचे पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. त्या तुकड्यांनी मुले पाठकोऱ्या कागदावर चित्रे काढतील. अंगात जुने कपडे असू द्या, हळदीचा डाग निघत नाही.

तिसरा खेळ शर्यतीचा. बर्फाचे तीन सारखे तुकडे घ्या. एक उघडा ठेवा, एक फडक्यात गुंडाळा, एकावर मीठ टाका. आधी कोणता विरघळेल ते मुलांना ओळखू द्या. फडक्यातला शेवटी उरतो, कारण फडके बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. बर्फवाले लादी भुशात आणि गोणपाटात का ठेवतात, ते मुलांना आपोआप कळेल.

फ्रीज नसेल तर घमेल्यात माठाचे पाणी आणि कागदाच्या होड्याही चालतील.

काही पथ्ये मात्र पाळावीत. फ्रीजरमधून काढलेला बर्फ ओल्या बोटांना व जिभेला चिकटतो, म्हणून पाच मिनिटे बाहेर ठेवून मग द्या. मीठ मिसळलेला बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. कुल्फी याच युक्तीने गोठते. असा बर्फ मुठीत धरू देऊ नका, त्वचा भाजल्यासारखी होते. बोटे बधिर झाली की खेळ थांबवावा. चार वर्षांखालील मुलाच्या घशात तुकडा अडकू शकतो. तान्ह्या व रांगत्या मुलाला पाण्याच्या घमेल्याजवळ क्षणभरही एकटे सोडू नये, वीतभर पाणीही त्याला बुडायला पुरते. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला हे खेळ देऊ नयेत, थंडीने त्याच्या वेदना उसळतात.

बाजारातला बर्फ खेळायलाही आणू नका. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, काविळीचे विषाणू व विषमज्वराचे जंतू बर्फात टिकून राहतात. मुलाचा हात बर्फातून थेट तोंडात जातो. महाराष्ट्रात २०१८ साली, खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम झाला. म्हणजे निळा बर्फ खाण्याचा नाही हे नक्की, पण पांढरा दिसतो म्हणून तो शुद्ध आहे असे समजू नये. घरीसुद्धा पाणी उकळून, गार करून मगच गोठवावे.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. बर्फ हा खेळ आहे, औषध नव्हे. खेळताना मुलाला अधूनमधून पाणी, ताक, लिंबूसरबत देत राहा. मूल निस्तेज झाले, अंग तव्यासारखे तापले, ते असंबद्ध बोलू लागले किंवा झटके आले, तर तो उष्माघात समजावा. मुलाला सावलीत आणा, कपडे सैल करा, सर्वांगावर गार पाणी ओतून वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. गाडी येईपर्यंत अंग ओले ठेवणे आणि वारा घालणे थांबवू नका.