एकच ‘सौभद्र’, चाली अनेक

चायकोव्हस्कीने 1876-77 मध्ये चेलो या वाद्यासाठी ‘रोकोको व्हेरिएशन्स’ लिहिली. ती प्रथम वाजवणाऱ्या फिट्झेनहागेनने भागांचा क्रम बदलला, एक भाग गाळला आणि तेच रूप जगभर रूढ झाले. आपल्याकडे असे काही घडले आहे का, असे कुणी विचारले, तर मी ‘संगीत सौभद्र’चे नाव घेईन.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या नाटकाचे पहिले तीन अंक 18 नोव्हेंबर 1882 रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. पाचही अंक 1883 मध्ये झाले. पदे शंभरावर! पण साकी, दिंडी, कामदा यांसारखी ही पदे बहुधा आटोपशीर. पद म्हणजे गायलेला संवादच. भाऊराव कोल्हटकर सुभद्रा होऊन गात, तेव्हा कथा थांबत नसे.

पुढे बालगंधर्व आले. बालपणी जळगावात राहून मेहबूब खाँ यांच्याकडे गाणे शिकलेला हा मुलगा 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. त्यांच्या काळात पद मैफलीसारखे फुलू लागले. ‘वन्स मोअर’ने रात्री लांबल्या. आज तेच नाटक तीन तासांत बसवायचे, तर पदे गाळावीच लागतात. आणि कात्री प्रथम लागते ती साकी-दिंडीला.

मग खरे ‘सौभद्र’ कोणते? पुस्तक उघडावे, तर पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून जुन्या एखाद्या गाण्याचे शब्द दिलेले असतात. ते गाणेच विस्मरणात गेले, तर नुसती पाटी उरते. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवली. दोन पोथ्या शेजारी ठेवल्या की पाठभेद कळतो. चालीची मात्र पोथी नसते. ती गळ्यात असते आणि गळ्याबरोबर जाते.

बालगंधर्वांचा विस्तार हा बिघाड आहे, असे मी मुळीच मानत नाही. त्यानेच ही पदे घराघरांत पोचली. पण छोटी पदे गाळली, की आधी कथेचा सांधा निखळतो आणि मग चाल विसरली जाते.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या हौशी मंडळींना माझी विनंती आहे. निदान एक अंक तरी सर्व पदांसह करून पाहा. घरात कुणी वडीलधारे जुनी दिंडी म्हणत असतील, तर ती आजच ध्वनिमुद्रित करा आणि ती कुणाकडून आली, तेही विचारून लिहून ठेवा.