आपली दुचाकी, आपली देखभाल : लेखांक ९ – स्टँडवर डुलणारी गाडी

चेनचा ताण आणि तिचं तेलपाणी मागच्या आठवड्यात झालं. तिच्याच बाजूला, डाव्या फुटरेस्टखाली असलेल्या साइड स्टँडकडे मात्र गाडी आडवी होईपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. मग आरसा फुटतो, लिव्हर वाकतो, पेट्रोल गळतं. शेजारी लहान मूल उभं असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

गाडी स्टँडवर डुलायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो: स्प्रिंग बदला. माझ्या मते हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो, कारण गाडीचा भार स्प्रिंगवर नसतोच. मिटलेला स्टँड वर धरून ठेवायचा आणि उघडलेला पुढे ओढून ठेवायचा, एवढंच तिचं काम. भार जातो तो चेसिसला वेल्ड केलेल्या कानावर, त्या कानातून गेलेल्या बोल्टवर आणि उघडताना स्टँड जिथे अडतो त्या स्टॉपरवर. दुखणं शोधायचं ते या तीन जागी.

सपाट फरशीवर गाडी साइड स्टँडला लावा. मागचा कॅरिअर धरून ती हलकेच डावी-उजवीकडे हलवा आणि दुसऱ्या कुणाला तरी खाली बसून सांध्याकडे बघायला सांगा. नुसते टायर दबत असतील तर काळजी नाही. कानाच्या आत स्टँड खडखडत असेल तर बोल्ट ढिला आहे किंवा झिजला आहे. आणि कानच हलताना दिसला, तर वेल्डिंगजवळचा चिखल पुसून नीट पाहा. रंगात गंजाची केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती तडा असते. अशी गाडी साइड स्टँडला लावणं त्याच दिवशी बंद करा. वेल्डिंग अनुभवी माणसाकडून करून घ्या आणि त्याआधी बॅटरीच्या वायर सोडून ठेवायला सांगा.

बोल्टचा प्रश्न सर्वांत जास्त आढळतो. गाडी डबल स्टँडला लावून बोल्ट काढा, चिंधीने पुसा आणि त्यावरून नख फिरवा. जिथे स्टँड घासत होता तिथे नख अडतं, तिथे पायरी पडलेली असते. स्टँडचं भोकही गोल न राहता लांबट झालेलं दिसतं. ही झीज डोळ्यांना क्षुल्लक वाटते, पण स्टँडच्या लांबीमुळे ती खाली कित्येक पटींनी वाढते. स्टॉपरचंच पाहा. तो बोल्टपासून अडीच सेंटीमीटरवर आणि स्टँडचा पाय पंचवीस सेंटीमीटरवर धरला, तर स्टॉपर एक मिलिमीटर झिजल्यावर पाय सुमारे दहा मिलिमीटर पुढे सरकतो. स्टँड जितका पुढे जातो तितकी गाडी डावीकडे जास्त कलते. कललेली गाडी सांध्यावर आणखी भार टाकते, झीज आणखी वाढते.

बोल्ट नुसताच सैल असेल तर काम सोपं आहे. जुनं काळं ग्रीस पुसून नवं लावा. खडखड थांबेल पण स्टँड मोकळा फिरेल, इतपतच बोल्ट आवळा. मग तो पान्याने धरून ठेवून नट घट्ट करा. पायरी पडलेला बोल्ट मात्र कितीही आवळला तरी उपयोग नाही, नवाच बसवावा लागतो. भोक लांबट झालं असेल तर त्यात बुश बसवून घ्या किंवा स्टँड बदला. स्प्रिंग काढताना ती डोळ्याकडे उडू शकते. स्टँड निम्मा उघडून स्प्रिंग पूर्ण ताणली की तिच्या वेटोळ्यांत जुनी नाणी सरकवावीत. मग ती ताणलेलीच राहते आणि सहज निघते.

आता उलटी तक्रार: गाडी फार सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे पडते. इथे स्टँड बहुधा निर्दोष असतो. मागचे शॉकअब्सॉर्बर बसले किंवा मागच्या चाकात हवा कमी असली की गाडी खाली येते, स्टँडची लांबी मात्र तेवढीच राहते. दूधवाल्यांच्या गाड्यांत हे रोज घडतं. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लावले की मागचा भाग दबतो आणि गाडी सरळ होते. अशा वेळी डावा कॅन आधी काढला तर उजव्या कॅनच्या ओढीने गाडी उजवीकडे जाते. म्हणून उतरवताना उजवा आधी, चढवताना डावा आधी. स्टँडच्या पायाला पट्टी वेल्ड करून उंची वाढवण्याचा उपायही जपून करावा. पाय टायरच्या रेषेपासून तीस सेंटीमीटर बाहेर असेल, तर एक सेंटीमीटरच्या पट्टीने गाडी जवळपास दोन अंश सरळ होते.

सांधा ठणठणीत असूनही उतारावर गाडी पडते, त्याचं कारण स्टँडच्या रचनेत आहे. तो मागे मिटतो आणि ते मुद्दाम केलेलं आहे. चालत्या गाडीचा विसरलेला स्टँड रस्त्याला लागला तर तो मागे आणि वर मिटला पाहिजे, अशी अट अमेरिकेच्या वाहन सुरक्षेच्या मानक क्रमांक १२३ मध्येच आहे. चालवणाऱ्याचा जीव वाचवणारी हीच सोय उतारावर उभ्या गाडीच्या मुळावर येते. गाडी जराशी पुढे सरकली की स्टँड मिटायला लागतो. म्हणून पुढचं चाक चढाकडे ठेवा, इंजिन बंद करून पहिला गिअर टाका आणि हँडल डावीकडे वळवून लॉक करा. हँडल उजवीकडे वळवलं तर बऱ्याच गाड्या सरळ होतात आणि त्यांचा तोल कमी होतो. पावसाळ्यात मातीवर, आणि विदर्भातल्या मे महिन्यात मऊ झालेल्या डांबरावर, पायाखाली चपटा दगड किंवा जाड पत्रा ठेवा.

स्प्रिंगला मी वर बाजूला सारलं ते फक्त डुलण्यापुरतं. मिटलेला स्टँड खड्ड्यात आदळून खाली लोंबत असेल तर मात्र दोष तिचाच असतो, आणि डाव्या वळणावर असा स्टँड रस्त्याला टेकून गाडी उलटू शकते. तेव्हा नवी स्प्रिंग बसवेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

एक विनंती. साइड स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसून गप्पा मारू नका आणि तिथेच उभी ठेवून किक मारू नका. दोन माणसांचं वजन आणि किकचे हिसके सोसण्यासाठी तो बोल्ट केलेला नाही. किक मारायची तर गाडी डबल स्टँडला लावा.

पुढच्या लेखात क्लचची केबल.