कुलूप टेबलाला, गोषवारा उघडाच

९ मे २०२४ रोजी पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या १६.३, १५.७ आणि १४.१२ या आवृत्त्या एकदम आल्या. त्यांत बुजवलेल्या एका भोकाची गंभीरता १० पैकी जेमतेम ३.१ धरली होती. एवढा आकडा पाहून बरेच जण पान उलटतात. मला मात्र हे भोक मोठे बोलके वाटते. इथे पासवर्ड चोरायची गरजच नव्हती. रीतसर लॉगइन केलेला कोणीही विचारत असे आणि ते जाणून घेण्याचा अधिकार त्याला आहे का, हे न पाहता सर्व्हर सांगून मोकळा होई.

सांगे काय, तर आकडेवारी. पोस्टग्रेस प्रत्येक टेबलाचा गोषवारा स्वतःजवळ ठेवतो. ग्राहकांपैकी मुंबईचे किती आणि गडचिरोलीचे किती याचा अंदाज असला, की इंडेक्स वापरायचा की सगळे टेबल चाळायचे हे त्याला झटकन ठरवता येते. त्यासाठी ‘अ‍ॅनालाइझ’ ही आज्ञा बहुधा आपोआप चालते. सेटिंग बदलले नसेल तर ती साधारण ३०,००० ओळींचा नमुना उचलते आणि वारंवार येणारी १०० पर्यंत मूल्ये टिपून ठेवते. खरी मूल्ये, जशीच्या तशी. हा गोषवारा म्हणजे निरुपद्रवी टक्केवारी, अशी समजूत इथेच फसते.

२०२१ च्या १४व्या आवृत्तीपासून कॉलमवर केलेल्या हिशेबाचीही अशी आकडेवारी काढता येऊ लागली. समजा, एखाद्या कंपनीत ‘वार्षिक पगार भागिले १२’ यावर ती काढली आहे. पगाराचा कॉलम इतरांना बंद. थेट मागितला तर सर्व्हर साफ नकार देतो. पण आकडेवारी दाखवणारे दोन तयार व्ह्यू हिशेबात दडलेल्या कॉलमची परवानगी नीट तपासत नव्हते. तिथे डोकावले की कंपनीत सर्रास दिले जाणारे मासिक पगार समोर येत. नावे कळत नसत, हे खरे. पण आकडेवारी विभाग आणि पगार अशी जोडून काढली असेल, तर छोट्या विभागात नाव वेगळे सांगावे लागत नाही.

दुरुस्ती करणाऱ्यांनी बारीक नियम रचत बसण्याऐवजी या व्ह्यूंमधील ओळी फक्त टेबलाच्या मालकाला दिसतील असे केले. यात नेमके काय काय फुटू शकते हे पुरते स्पष्ट नाही, म्हणून सावध बाजू घेतली, असे त्यांनी मोकळेपणाने नोंदवले. मला हा निर्णय योग्य वाटतो. गोषवाऱ्याच्या वाटेने माहिती झिरपण्याचे प्रकार याच डेटाबेसमध्ये २०१७ आणि २०१९ मध्ये झाले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक दुरुस्त करावा लागला.

खरी मेख पुढे आहे. हे व्ह्यू डेटाबेसच्या आत साठवलेले असतात, त्यामुळे नवी आवृत्ती बसवली तरी जुन्या सर्व्हरवर ते जुनेच राहतात. सोबत आलेली दुरुस्तीची स्क्रिप्ट सुपरयुजरने प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळी चालवावी लागते. ‘टेम्प्लेट०’ आणि ‘टेम्प्लेट१’ हे दोन साचेही त्यातून सुटत नाहीत. ते राहिले तर त्यांच्यावरून बनणारा प्रत्येक नवा डेटाबेस भोकासकट जन्माला येतो. तेव्हा १४, १५ किंवा १६ वर चालणारा, मे २०२४ च्या आधी उभारलेला सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल, तर आवृत्तीचा आकडा पाहून थांबू नका. ती स्क्रिप्ट चालवली होती का, हे आधी तपासा.