काथवटीएवढा लेथ

आमच्या घरात आजीची काथवट आहे. १६ इंच रुंद, कडेला एक तडा, आणि भाकरीचं पीठ मळून मळून तळ इतका गुळगुळीत की दिव्याचा उजेड त्यात पडतो. आतल्या बाजूने कडेलगत बोट फिरवलं की बारीक, एकसारख्या वळ्या लागतात. म्हणजे ती ठोकून कोरलेली नाही, फिरवून कातलेली आहे. कोल्हापुरात माझ्या घरामागच्या शेडमध्ये मोठा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, आला तो या काथवटीमुळे. तशी एक मला स्वतःच्या हाताने करायची होती, आणि माझ्याकडच्या लहान लेथवर १२ इंचांच्या पुढे काही चढत नव्हतं.

घरच्या कामासाठी लेथ घ्यायचा म्हणून चौकशीला येणारे बहुतेक जण आधी मोटर किती हॉर्सपॉवरची ते विचारतात. मीही तेच विचारत होतो. सावंतवाडीच्या चितार आळीत एका वयस्कर कातारी काकांपुढे मी यंत्रांची माहितीपत्रकं पसरली, तेव्हा त्यांनी ती न बघताच विचारलं, "तुमका काय कातूचा आसा, ता आधी सांगा." त्यांचा स्वतःचा लेथ गुडघ्याएवढ्या उंचीचा, साधा. त्यावर लाटणी, भोवरे, लाकडी फळं होतात. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला धरते. मग केवड्याचं पान दाबून तिला चकाकी आणायची. या कामाला तीनशे किलोंचं यंत्र लागत नाही. बाजारपेठेत लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर बसवून पलंगाचे पाय आणि देव्हाऱ्याचे खांब कातणारे कारागीरही त्याच यंत्रावर घर चालवतात. लांब, बारीक काम दोन टोकांत धरलेलं असतं आणि त्याचं वजन मध्यरेषेच्या जवळ असतं, म्हणून ते यंत्राला फार छळत नाही.

काथवट मात्र छळते. लेथच्या चकावर, म्हणजे लाकूड पकडणाऱ्या जबड्यावर, ती एका बाजूने धरलेली, बाहेर आलेली, आणि तिचं बहुतेक वजन कडेला. ताज्या आंब्याचा १६ इंच व्यासाचा, ५ इंच जाडीचा ठोकळा साधारण १६ किलो भरतो. झाडाचं लाकूड सगळीकडे सारखं नसतं. एका बाजूला गाभा, दुसऱ्या बाजूला पाण्याने जड झालेलं बाहेरचं लाकूड. त्यामुळे वजनाचा मध्य फिरण्याच्या मध्यापासून एखादा सेंटिमीटर सहज सरकतो. तेवढ्यावर मिनिटाला ३०० फेऱ्यांना यंत्राला साधारण १६ किलो वजनाएवढा हिसका बसतो, तोही सेकंदाला पाच वेळा, सगळ्या दिशांनी. फेऱ्या दुप्पट केल्या की हिसका चौपट, म्हणजे ६४ किलो. चाळीस किलोंचा टेबलावरचा लेथ यापुढे उभा कसा राहणार?

माझा राहिला नाही. आदल्या दिवशी लाटणं कातताना पट्टा वेगाच्या पुलीवर चढवला होता, तो तसाच राहिला आणि मी ११ इंची आंब्याचा ठोकळा लावून बटण दाबलं. लेथ टेबलावर सरकला, लाकडाचं दुसरं टोक दाबून धरणारा टेलस्टॉक ढिला पडला, ठोकळा सुटून माझ्या कानाच्या उंचीवर भिंतीत बसला. ठोकळा फिरतो त्या रेषेच्या बाहेर मी उभा होतो म्हणून वाचलो. तेव्हापासून हात बटणाकडे जाण्याआधी डोळे पुलीकडे जातात.

म्हणून माझ्या लेखी मोठ्या लेथचा पहिला गुण वजन. बिडाचं ओतकाम कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगायला नको. बिडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात आणि ते थरथर गिळतात. बिडावर हातोडा मारला तर पोलादासारखा नाद घुमत नाही, बद्द आवाज येतो. तोच बद्दपणा लेथमध्ये हवा. पोलादी पत्र्याच्या नळ्यांचे लेथही चांगले होतात, पण त्यात माल भरपूर घातलेला असावा लागतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधले रोबस्ट, कॅनडात स्ट्रॅटफर्डचे वनवे, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे विकमार्क, ही या कामातली मानाची नावं. पॉवरमॅटिकचा ३५२० तर कितीतरी घरगुती शेडमधून दिसतो. तुमचं यंत्र यापेक्षा हलकं असेल तर खालच्या फळीवर वाळूची दोन-तीन पोती ठेवा. या उपायाला मी कमी लेखत नाही. माझ्या लेथखाली आजही दोन पोती आहेत.

आता मापं. यांतल्या काही यंत्रांचं नावच त्यांचं माप सांगतं: वनवे २४३६ म्हणजे २४ इंच व्यास फिरेल एवढी जागा आणि दोन टोकांत ३६ इंच अंतर. पण कागदावरचा व्यास पूर्ण हाती येत नाही. हत्यार टेकवायच्या टेकूचा पाया बेडवर, म्हणजे लेथच्या आडव्या कण्यावर, बसतो आणि खालची जागा खातो, म्हणून १६ इंची काथवटीसाठी मी २० इंचांचा लेथ धरला. लांबीला ३६ इंच पुष्कळ झाले. टेबलाचा पाय त्यात आरामात बसतो.

माझा जास्त वेळ गेला तो वेग कसा बदलतो हे समजून घेण्यात. जुन्या पद्धतीत सरकत्या पुल्या असतात. दांडा फिरवला की वेग बदलतो, पण त्या झिजतात, खडखडतात आणि सगळ्यांत कमी वेगसुद्धा चारशे-पाचशेच्या घरात राहतो. ओबडधोबड ठोकळ्याला तो जीवघेणा आहे. इंचांतला व्यास गुणिले फेऱ्या हे ६००० ते ९००० मध्ये राहावं असा कातणाऱ्यांचा ठोकताळा आहे. १६ इंचांना ते ३७५ ते ५६० होतं, आणि सुरुवात त्याच्याही बरीच खालून करायची. ५६०लासुद्धा कडेचं लाकूड ताशी चाळीस किलोमीटरच्या वर धावत असतं. आजच्या चांगल्या लेथमध्ये तीन फेजची मोटर आणि इन्व्हर्टर ड्राइव्ह असतो. घरातली सिंगल फेज वीज घेऊन तोच तीन फेज तयार करतो आणि फेऱ्या अगदी शून्याजवळून वर नेता येतात. यात एक मेख आहे. ड्राइव्हने मोटर निम्म्या वेगावर आणली की तिची ताकदही निम्मी होते. म्हणून नुसत्या बटणावर विसंबू नये. मोठ्या कामाला पट्टा संथ पुलीवर घ्यावा, म्हणजे मोटर जोरात फिरते, लाकूड सावकाश, आणि ताकद शाबूत. अशा दोन किंवा तीन पायऱ्यांची पुली नसलेला लेथ मी घेणार नाही, मोटर कितीही मोठी असो.

यंत्र बघायला जाल तेव्हा बोलण्यापेक्षा हात लावा. दोन्ही बाजूंना टोकदार सेंटर बसवून टेलस्टॉक पुढे आणा. सुईच्या अग्राला सुईचं अग्र भिडलं पाहिजे. चक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर बोटांना कळते. जुना लेथ असेल तर हेडस्टॉकजवळच्या, म्हणजे मोटरच्या टोकाकडच्या, बेडवर नख फिरवून झीज बघा. चक ज्यावर बसतो त्या स्पिंडलचे आटे कोणते ते विचारून लिहून घ्या: युरोपी पद्धतीत बहुधा ३३ मिलिमीटर, अमेरिकी मोठ्या यंत्रांवर सव्वा इंच. चक त्याच आट्यांचा लागतो, आणि ही चूक यंत्र घरी आल्यावर उमगते.

स्पिंडलचा मध्य कोपराच्या उंचीला यावा. परदेशात बनलेले लेथ बऱ्याचदा उंच माणसांसाठी केलेले असतात. मी पाच फूट चार इंच. मी पायाखाली फळ्यांचा कट्टा केला आणि पाठदुखी थांबली.

लेथ हे यंत्र तसं जुनं आहे. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या माणसाच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी ३००च्या सुमाराचं, लेथचं कोरीव चित्र आहे. एक जण दोरी ओढतोय, दुसरा हत्यार धरून बसलाय. ते चित्र पाहिलं तेव्हा मला ताक घुसळणारी आजीच आठवली. रवीला दोरीचे वेढे, एकदा या हाताकडे, एकदा त्या हाताकडे. तशा लेथवर लाकूड उलटसुलट फिरतं आणि हत्यार निम्माच वेळ कापतं. आजीची काथवट कातणाऱ्याकडे कसला लेथ होता, कोण जाणे. दोरी ओढायला दुसरं माणूस असेल तर त्याचे दंड काय असतील!

माझा लेथ चेन पुलीने टेम्पोतून उतरवला, तेव्हा हेडस्टॉक, टेलस्टॉक आणि बेड वेगळे केले होते. फरशीवर पाय समतल करायला एक अख्खी दुपार गेली. मग वादळात पडलेल्या आंब्याचा ठोकळा चढवला, तोंडावर पूर्ण काच घेतली, बाह्या वर केल्या, पुली दोनदा बघितली आणि ८० फेऱ्यांवर सुरू केला. हेडस्टॉकवर रुपयाचं नाणं उभं करून ठेवलं होतं. २०० पर्यंत ते उभं राहिलं. गोल पटाशी लावली तशी ओली, आंबूस वासाची सालपटं खांद्यावरून मागे जाऊ लागली, आणि ठोकळा गोल झाल्यावर वेग वाढवला तरी पायाखालची फरशी शांत होती.

ओलं लाकूड वाळताना वाकडं होतं, म्हणून पहिल्या खेपेला भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी जाड ठेवतात. माझ्या काथवटीची भिंत आत्ता दीड इंचाच्या थोडी वर आहे. ती कागदात गुंडाळून जिन्याखाली ठेवली आहे. दर रविवारी काट्यावर ठेवून तळाशी पेन्सिलीने वजन लिहितो. आकडा अजून उतरतोय. तो थांबला की पुन्हा लेथवर चढवायची, आणि मग आईच्या हातात द्यायची, पिठासाठी.