स्वातीच्या उदयावर ठरलेलं व्याज

होडीच्या उजव्या काठावर चार खाचा आहेत, बोटं रुततील इतक्या खोल. जाळ्याचा दोर वर्षानुवर्षं तिथूनच ओढला जायचा. सागासारखं लाकूड, पण सुताच्या आणि पुढे नायलॉनच्या दोराने ते कापत नेलं. हर्णैच्या पुळणीवर होडी विकायची बोलणी चालली होती, तेव्हा बाबांचा अंगठा त्याच खाचांवरून फिरत होता.

घेणारा आमचीच होडी चालवणारा जुना तांडेल. म्हणाला, "नाखवा, दुसऱ्याला देऊ नका. दोन लाख आत्ता देतो, उरलेले तीन दर्यातून काढून देतो." जुन्या लाकडी होडीवर कर्ज द्यायला बँका फारशा राजी नसतात. म्हणजे विकणाऱ्यानेच सावकार व्हायचं: होडी आज द्यायची आणि पैसे हप्त्याहप्त्याने घ्यायचे.

व्यवहार साधा वाटला, म्हणून मी त्याच्या मुळाशी जायला लागलो आणि थेट अथेन्सला पोचलो.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला एक करार तिथला वक्ता डिमॉस्थिनिस याच्या एका भाषणात शब्दशः टिकून आहे. अथेन्सहून काळ्या समुद्राकडे जाऊन परत येण्याच्या सफरीसाठी ३००० द्राख्मांचं कर्ज, तारण दारूच्या ३००० घागरी. व्याज हजाराला २२५. पण काळ्या समुद्रातून परत निघायला अमुक एका ताऱ्याचा उदय उलटून गेला, तर हजाराला ३००! तो तारा म्हणजे आपली स्वाती. सप्टेंबरात पहाटे ती पूर्वेला दिसू लागली की तिकडचे दर्यावर्दी ओळखत, वादळांचे दिवस आले. जोखीम वाढली की व्याज वाढणार, आणि ते कधी वाढवायचं हे आकाश सांगणार. शिवाय जहाज बुडालं तर कर्जही बुडालं, ऋणकोकडे कुणी मागायला जायचं नाही. सावकार घरबसल्या समुद्राच्या जोखमीत भागीदार होत असे. मला हे वाचून कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नाही.

आजच्या हप्त्याच्या विक्रीत ती माफी नाही. होडी बुडाली तरी देणं उरतं, फक्त तारण तळाशी जातं. म्हणून विमा हवाच, आणि त्यात विकणाऱ्याचं नावही हवं.

याहून मोठं आश्चर्य पुढे आहे. जमिनीवर कर्ज माणसाच्या मागे लागतं. समुद्रात काही देणी होडीलाच चिकटतात. खलाशांचा थकलेला पगार, बुडती होडी वाचवणाऱ्याचा मोबदला, बंदराचे आकार ही त्यातली. भारताच्या २०१७ च्या सागरी दाव्यांच्या कायद्याप्रमाणे मालक बदलला तरी हे ओझं उतरत नाही. साधारण एक वर्ष ते राहतं, पगाराचं दोन वर्षं. त्यासाठी न्यायालय चक्क जहाजाला अटक करतं! मुंबई उच्च न्यायालयाचे असे हुकूम मुंबईच्या नगरपालाच्या कार्यालयातून बजावले जातात.

आता रांग पाहा. होडी लिलावात निघाली तर आधी या चिकटलेल्या देण्यांचे पैसे, त्यांतही सगळ्यात पुढे खलाशांचा पगार. नोंदवलेलं गहाण त्यानंतर. म्हणजे तांडेलाने उद्या आपल्या पोरांचे पगार थकवले, तर ती पोरं बाबांच्या आधी उभी राहतील. बाबांना हे सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "बरोबरच आहे की."

दुसरा धोका कागदाचा. "शेवटचा हप्ता मिळेपर्यंत मालकी माझी" असं लिहून घेता येतं, पण तो कागद आपल्या कपाटात आणि होडी त्याच्या ताब्यात. त्याने ती तिसऱ्याला विकली आणि त्या तिसऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसलं, तर १९३० चा मालविक्री कायदा बऱ्याचदा त्या तिसऱ्याचीच बाजू घेतो. म्हणून होडीच्या सरकारी नोंदीतच आपलं गहाण चढवून घ्यायचं. पुढच्या घेणाऱ्याला ते तिथे दिसतं. आमच्या तांडेलावर अविश्वास म्हणून नव्हे. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, तर होडीवर देणं आहे हे त्याच्या बायकोलाही त्या नोंदीतून कळेल.

उरला हप्ता. बँकेचा हप्ता बारा महिने येतो. दर्या मात्र बारा महिने देत नाही. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. बाबांनी वर्षाला दहाच हप्ते मागितले. महिन्याला दहा हजार मुद्दल, म्हणजे तीन लाखांना तीन हंगाम, आणि व्याज उरलेल्या रकमेवरच. जून-जुलैत मागणं नाही. अथेन्सचा करार त्यांनी कधी ऐकलेला नव्हता.

कागद झाले, नोंद चढली. नारळी पौर्णिमेला तांडेलाने नारळ बाबांच्याच हातात दिला. बाबांनी तो पाण्यात सोडला, होडीला वळसा घालून उजव्या काठाशी आले आणि म्हणाले, "दोर जरा डावीकडून ओढत जा आता."