चरी : बांधावरचे गाव

अलिबाग तालुक्यातील खारेपाटात चरी हे भातशेतीचे लहानसे गाव आहे. खाडीचे पाणी मातीच्या बांधाने अडवून मिळवलेली जमीन म्हणजे खारेपाट. बांधाला खांड गेली की भरतीचे पाणी शेतात शिरते आणि खारावलेली जमीन पुढे काही वर्षे पीक देत नाही. असा बांध एकट्याला राखता येत नाही. घरटी माणूस मातीला जावे लागे.

इतके राबूनही जमीन खोता-सावकारांची. पिकाचा मोठा वाटा त्यांच्या घरी जाई, वर वेठ निराळी. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला शेतकऱ्यांची परिषद भरली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप ठरला : न्याय्य वाटा मिळेपर्यंत जमीन कसायची नाही!

मी कामगारांचे संप जवळून पाहिले आहेत. गिरणीचा संप मालकाचा माल अडवतो; शेतकरी नांगर खाली ठेवतो तेव्हा स्वतःचीच कणगी रिकामी करतो. तरीही आसपासच्या गावांसह हा संप १९३९ पर्यंत टिकला. लोक रानातली लाकडे विकून जगले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कुळांना संरक्षण देणारा कायदा १९३९ साली झाला. १९४८ साली त्याहून व्यापक कायदा आला.

हे बळ आले कोठून? माझ्या मते, बांधावरून. भरतीपुढे पिढ्यानपिढ्या एकत्र उभे राहिलेल्या माणसांना एकजूट नव्याने शिकवावी लागली नाही. संघटना बांधणाऱ्याने आधी गावाचे काम कसे चालते ते पाहावे, ते याचसाठी.