कमी पैशात गळाचे सामान : आधी तंगूस पारखा, मग काठी

मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. जुम्याची नमाज आटोपली की मोटारसायकलला काठी बांधून गिरणा धरणाकडे, चणकापूरकडे किंवा हरणबारीकडे निघालेली तरुण मंडळी दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. शौक चांगला आहे. माणूस चार तास धुळीपासून आणि खटखटाटापासून दूर राहतो आणि नशीब असेल तर घरी मासाही येतो. पण या शौकाचे सामान विकत घेताना आपले लोक जसे फसतात तसे ते सुताच्या बाजारात कधी फसत नाहीत. जो कारागीर बोटांत धागा धरून काउंट सांगतो, तोच माणूस चमकदार डबीवरचा आकडा वाचून तंगूस घेतो आणि आठवड्याच्या पगारातला मोठा भाग देऊन बसतो. म्हणून वाटले की आपल्याच धंद्याच्या वजनकाट्याने या सामानाची पारख करून वाचक बंधूंसमोर ठेवावी.

आधी मासा कोणता ते पाहू, कारण सामान माशावर ठरते. आपल्याकडच्या धरणांत आणि तलावांत गळाला लागतात ते बहुधा कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस. पहिले तिन्ही मूळचे गंगेच्या बाजूचे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची अंडी घेण्यात यश मिळवले. पुढे त्यांचे बीज देशभर मिळू लागले आणि दक्षिणेकडच्या धरणांतही सोडले जाऊ लागले. सायप्रिनस बाहेरचा. त्याची एक जात १९३९ मध्ये सिलोनहून निलगिरीत आली, दुसरी १९५७ मध्ये बँकॉकहून. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या पाण्यात चरतो. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. हे सारे जोर लावणारे मासे आहेत. दातांनी दोरा कापत नाहीत, पण एका दमात तीस-चाळीस मीटर पळतात. सामानाची सारी परीक्षा त्या पळण्यात होते.

नवा शौकीन दुकानात जातो तेव्हा त्याच्यासमोर प्लास्टिकच्या पाकिटातला तयार सेट ठेवतात. त्यात एकात एक सरकणारी आखूड काठी, रीळ, आधीच गुंडाळलेला दोरा, चार गळ आणि रंगीत तरंगा असतो. दिसायला सौदा स्वस्त. या सेटमधली काठी एक वेळ चालते, पण रीळ आणि दोरा बहुतेक वेळा टाकाऊ असतात, आणि मासा तुटतो तो त्यांच्यामुळेच. माझा हिशेब असा आहे की खिशात शंभर रुपये असतील तर चाळीस रिळावर, पंचवीस काठीवर, पंधरा तंगुसावर, दहा हाताच्या जाळीवर आणि उरलेले दहा गळ, शिसे वगैरे किरकोळीवर घालावेत. रुपये हजार असोत की चार हजार, प्रमाण तेच. लोक नेमके उलटे करतात. अर्ध्याहून जास्त पैसा काठीच्या दिखाव्यावर जातो आणि तंगूस दुकानदार फुकट देतो तो घेतात.

आता तंगुसाकडे येऊ. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकेरी अखंड धागा, ज्याला आपण बाजारात मोनोफिलामेंट म्हणतो. तो आपल्या ओळखीचाच माल आहे, फक्त जाड. नायलॉन अमेरिकेत १९३५ साली ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या हाताखाली तयार झाले. त्याचे डेनियर काढता येते, आणि डेनियर कळले की खोटे लगेच उघडे पडते. रीत सोपी आहे. डबीवर मिलिमीटरमध्ये जाडी लिहिलेली असते. तिचा वर्ग करून सुमारे आठ हजाराने गुणा. ०.३० चा वर्ग ०.०९. म्हणजे ०.३० चा तंगूस साधारण ७२५ डेनियरचा झाला. ०.३५ चा हजाराच्या जवळ, ०.४० चा तेराशेच्या जवळ. चांगला नायलॉनचा तंगूस दर डेनियरला सहा ते आठ ग्रॅम ताण सोसतो. म्हणजे ०.३० च्या तंगुसाची ताकद सव्वाचार ते पावणेसहा किलो. डबीवर ०.३० आणि पंधरा किलो असे दोन्ही छापले असेल तर तो डेनियरला वीस ग्रॅम झाला. असा ताण साधे नायलॉन सोसत नाही. मग दोनपैकी एक आकडा खोटा, किंवा दोन्ही खोटे.

कोणता खोटा, हे सोनाराचा काटा सांगतो. ०.३० चा खरा तंगूस शंभर मीटरला आठ ग्रॅम भरतो. शहरातल्या एका दुकानातून मी ०.३० आणि नऊ किलो लिहिलेली चक्री आणली होती. शंभर मीटर मोजून उतरवला आणि तोलला तर साडेअकरा ग्रॅम भरला. हिशेब केला तर जाडी ०.३६ च्या जवळ निघाली. म्हणजे ताकद दाखवण्यासाठी जाड माल बारीक म्हणून विकला होता. मग दोराचे टोक बादलीच्या कडीला बांधले, दुसरे टोक खुंटीला, आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत गेलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, बादलीचे वजन वेगळे धरायचे. बादलीसकट पाच किलोच्या आसपास तो गाठीपाशी तुटला. नायलॉन ओले झाले की त्याची ताकद दहा-पंधरा टक्के उतरते आणि गाठीपाशी आणखी उतरते, हे खरे आहे. पण ते धरूनही नऊ आणि पाच यांत फार अंतर आहे. नऊ किलोवर भरवसा ठेवून रीळ आवळणारा माणूस पहिलाच मोठा मासा घालवणार. तो मासाही तोंडात गळ आणि मागे दहा मीटर दोरा घेऊन जाणार.

डबीवरचे आकडे पौंडात आहेत की किलोत, तेही पाहावे. बारा पौंड म्हणजे साडेपाच किलो सुद्धा नाही. नवशिक्याने ०.३० ते ०.३५ चा तंगूस घ्यावा, दीडशे मीटर पुरे. विणलेला रंगीत दोरा, ज्याला ब्रेड म्हणतात, तो सध्या नको. तो बारीक आणि मजबूत असतो, पण ताणला जात नाही आणि खडकावर घासला की लवकर जातो. आपल्या धरणांचे काठ खडकाळ आहेत. साध्या तंगुसात रबरासारखा थोडा ताण असतो, तो नवख्या हाताचा झटका सांभाळून घेतो. आणखी एक गोष्ट : दुकानाच्या दारात उन्हात टांगलेली चक्री कधीही घेऊ नये. ऊन नायलॉनला आतून खाते. शोकेसमधले कापड विटलेले ओळखणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. आतल्या खोक्यातली मागावी.

रिळाची गोष्ट तर थेट आपल्या धंद्यातून निघालेली आहे. आज जे रीळ सगळीकडे वापरतात त्याचा नमुना इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड शहरातले लोकरीच्या गिरणीचे मालक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ साली पेटंट केला. त्याआधीच्या बहुतेक रिळांत चाक फिरे तेव्हा दोरा सुटे. यात स्पूल जागचा हलत नाही, दोरा त्याच्या कडेवरून निसटत जातो. धोट्यातली कांडी पाहिलेल्या माणसाला यात नवे काय आहे? कांडी फिरत नाही, बाणा टोकावरून निघतो, तीच ही युक्ती.

आणि जी अडचण कांडीची तीच याची. टोकावरून निघणाऱ्या प्रत्येक वेढ्याला धाग्यात एक पीळ पडतो. म्हणून नवा तंगूस रिळावर भरताना चक्री जमिनीवर आडवी ठेवून दहा-पंधरा वेढे घ्यावेत, मग दोरा सैल सोडून पाहावा. तो सापासारखा वळत असेल तर चक्री उलटी करावी, पीळ उलगडू लागतो. ओल्या कापडात दोरा धरून घट्ट भरावा आणि स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी. काठोकाठ भरला की वेढे एकदम सुटतात आणि जो गुंता होतो तो सोडवण्यापेक्षा कापावा लागतो.

रीळ घेताना बेअरिंग किती आहेत हे विचारण्यात अर्थ नाही. खोक्यावर दहा लिहिलेले असले तरी स्वस्त मालात त्याचा भरवसा नाही. मूठ धरून हलवावी, ती खुळखुळू नये. तारेची कमान उघडून मिटून पाहावी. दोरा जिच्यावरून वळतो ती लहान गरारी बोटाने फिरते का हे जरूर पाहावे. ती अडली असेल तर दोरा तिथेच घासून मरतो. मग ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा किती जोराला सुटावा हे ठरवणारी चकती. हलके आवळून दोरा हाताने ओढावा. तो सारखा, न अडखळता सुटला पाहिजे. आधी अडकून मग एकदम सुटणारे रीळ कितीही स्वस्त मिळाले तरी परत करावे. घरी आल्यावर दोराचे टोक स्प्रिंगच्या काट्याला लावून ड्रॅग तंगुसाच्या खऱ्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर बसवावा. पाच किलोच्या दोराला सव्वा ते दीड किलो. इतक्या सैल दोरावर पाच किलोहून जड मासाही दमवून काठाला आणता येतो, कारण मासा पाण्यात उचलायचा नसतो, थकवायचा असतो.

काठीवर फार लिहिण्यासारखे नाही. नऊ-दहा फुटांची, दोन तुकड्यांची, फायबर ग्लासची साधी काठी घ्यावी. सरकणारी काठी गाडीवर न्यायला सोयीची, पण तिचे सांधे वाळू शिरून लवकर बिघडतात. कड्यांच्या आतून कापसाचा पेळू ओढून पाहावा. जिथे तंतू अडकेल तिथे कड्याला चीर आहे, आणि ती चीर दोरा कापणार.

गळांचा नंबर सुताच्या काउंटासारखा उलटा चालतो. नंबर मोठा तसा गळ लहान. आपल्या कामाला सहा ते दहा नंबर ठीक. डबीतला एक गळ घेऊन टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवावे. रुतले तर ठीक, घसरले तर डबी परत. चांगले दहा गळ वाईट शंभरांपेक्षा स्वस्त पडतात. टोकामागचा काटा पकडीने दाबून टाकला तर लहान मासा जखम न होता सोडता येतो.

लूमवरच्या भावांना एक सांगणे खास. तुटलेला ताणा जोडताना आपण जी विणकरी गाठ घालतो ती सुतावर चिकटून बसते, तंगुसावर घसरते. हाताला सवय असल्याने तीच पडते, म्हणून लक्ष द्यावे. गळाच्या नाकातून दोरा ओवून स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, टोक नाकाजवळच्या पहिल्या फासातून परत काढावे, थुंकीने ओले करावे आणि सावकाश ओढावे. कोरडी गाठ झटक्याने ओढली की घर्षणाने नायलॉन तापते आणि तिथेच कच्चे होते.

किरकोळ सामान बाहेरचे घेण्याची गरजच नाही. ज्वारीच्या ताटाचा वाळलेला तुकडा रंगवून मेणात बुडवला की तरंगा तयार. हातजाळी मच्छरदाणीच्या कापडापासून कोणताही शिंपी शिवून देईल. शिशाच्या गोळ्या मात्र दाताने दाबू नयेत. इंग्लंडमध्ये १९८७ साली गळाला लावायच्या लहान शिशाच्या विक्रीवर बंदी आली, कारण हंस ते गिळून मरत होते. तिथे वजनाला इतर धातू आले. आपल्या कारागिरांनी लोखंडी नटाला कडी लावून विकली तरी काम भागते. आमिषाला शेंगदाण्याची पेंड आणि कणीक बस्स. शेततळ्यात या माशांना पेंड आणि भाताचा कोंडाच घालतात, त्यांना ती चव ठाऊक असते.

धरणावर जाण्याआधी तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारावे. धरणांचे आणि तलावांचे मासेमारीचे ठेके अशा सोसायट्यांकडे असतात, बीज त्यांनी पैसे घालून सोडलेले असते. विचारून, पैसे मागितले तर देऊन बसावे. पावसाळ्यात हे मासे अंडी घालायला वर चढतात, तेव्हा काठी घरी राहिलेली बरी. तुटलेला तंगूसही काठावर टाकू नये, त्यात बगळ्यांचे पाय अडकतात.

आता दुकानदार बंधूंसाठी. ज्यांचे सूत-दोऱ्याचे किंवा हार्डवेअरचे दुकान आहे त्यांना हा माल जोडधंदा म्हणून ठेवता येईल. तयार सेट भरू नयेत. ०.३० आणि ०.३५ चा तंगूस मोठ्या चक्रीत घ्यावा आणि शंभर मीटर मोजून गिऱ्हाइकासमोर काट्यावर ठेवून द्यावा. पहिला आठ ग्रॅम, दुसरा अकरा ग्रॅम. काट्याजवळ हे दोन आकडे पाटीवर लिहून ठेवले तर गिऱ्हाईक डबीवरचे चित्र पाहायचे सोडून काट्याकडे पाहू लागेल.